तरतमभाव

मनुष्याला क्रम लावण्याची हौस फार. पंगतींत पहिला पाट कोणाचा, सभेंत आधीं कोणी बोलावें, गांवांतील कोणत्या गवयाचा सूर अधिक सच्चा, आळींत कोणाच्या घरचे मोदक अधिक सुबक, या गोष्टी ठरविल्यावांचून आपल्याला चैन पडत नाहीं. चौतीस वर्षें मास्तरकी केलेल्या माझ्यासारख्यानें तर या हौसेला नांवें ठेवूं नयेत. कारण दर सहामाहीस उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासून पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर लावणें हाच आमचा धंदा होता. परंतु नंबर लावणें जितकें सोपें, तितकें तो न्यायानें लावणें सोपें नाहीं. ही गोष्ट मला शाळेंत जाणवत होती खरी. पण तिचें शास्त्र मला उमगलें तें मात्र एका अगदीं परक्या खेळामुळें. तो खेळ म्हणजे उत्तर अमेरिकेंतील बर्फावरची हॉकी.

संस्कृत शिकणाऱ्याला तरतमभाव हा शब्द नवीन नाहीं. दोघांत जो अधिक त्याच्यासाठीं ‘तर’ आणि पुष्कळांत जो सर्वांहून अधिक त्याच्यासाठीं ‘तम’, असे दोन निरनिराळे प्रत्यय पाणिनीनें सांगितले आहेत. लघुतर, लघुतम, प्रियतर, प्रियतम. मुलें हे प्रत्यय पाठ करतात आणि परीक्षा संपतांच विसरून जातात. या दोन प्रत्ययांमध्यें केवढें अंतर आहे हें मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मैदानावर एका वेळीं दोनच संघ उतरतात. म्हणून तेथें जो निर्णय होतो तो नेहमीं ‘तर’ असतो. ‘तम’ कोण, हें कोणत्याहि एका सामन्यांत डोळ्यांना दिसत नाहीं. तें पुष्कळ ‘तर’ एकत्र जोडून मागाहून ठरवावें लागतें. तें कसें जोडावें, हाच साऱ्या वादाचा विषय आहे.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त टोरोंटो शहरीं स्थायिक झाला आहे. एका विमा कंपनींत संख्याशास्त्राचें काम करतो. २०२२ च्या डिसेंबरापासून पुढील मे महिन्यापर्यंत मी त्याच्याकडे राहिलों. बाहेर गुडघाभर बर्फ आणि घरांत रोज संध्याकाळीं दूरचित्रवाणीवर हॉकी, असा तेथील हिंवाळ्याचा क्रम. आपली हॉकी हिरवळीची व चेंडूची. तेथील हॉकी बर्फाच्या गुळगुळीत लादीवर, पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून, रबराच्या एका चपट्या चकतीनें खेळतात. त्या चकतीला ‘पक’ म्हणतात. प्रत्येक बाजूस गोलरक्षक धरून सहा गडी. वेग इतका कीं पहिले आठ दिवस मला पक दिसतच नसे. लोक ओरडले म्हणजे गोल झाला असें मी समजत असें.

पुतण्याचा मुलगा त्या वेळीं अकरा वर्षांचा होता. टोरोंटोच्या मेपल लीफ्स संघाचा तो एकनिष्ठ भक्त. या संघानें स्टॅन्ली करंडक शेवटचा जिंकला तो १९६७ सालीं. तेव्हां या भक्तीचें फळ त्याच्या बापालाहि कधीं पाहावयास मिळालेलें नाहीं. एके दिवशीं त्यानें मला २०२१ सालची एक जुनी जखम उघडून दाखविली. “आजोबा, त्या वर्षीं आमच्या विभागांत आम्ही पहिले होतों, ७७ गुण. मॉन्ट्रियल चौथे, ५९ गुण. आणि पहिल्याच फेरींत त्यांनीं आम्हांला घालविलें. मग आमच्या पहिल्या नंबराला अर्थ काय? हा अन्याय नाहीं का?” अशा प्रश्नाला ‘खेळांत असें होतेंच’ असें म्हणून मुलाला गप्प बसवितां येतें, परंतु मास्तराला प्रश्न टाळवत नाहीं. त्याच्या बापाकडून मीं या विषयाचें थोडेंसें ज्ञान रात्रीं जेवणानंतर मिळविलें, तेंच येथें वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम तेथील रूढ पद्धति पाहूं. नॅशनल हॉकी लीग या संस्थेंत २०२१-२२ पासून ३२ संघ आहेत. मी तेथें होतों त्या हंगामांत प्रत्येक संघाचे ८२ सामने झाले. जिंकणाऱ्यास दोन गुण. साठ मिनिटांच्या ठरलेल्या वेळेंत हरणाऱ्यास शून्य. पण बरोबरी होऊन जादा वेळांत किंवा त्यानंतरच्या शूटआऊटमध्यें जो हरेल त्याला सांत्वनादाखल एक गुण. हा सांत्वनाचा गुण १९९९-२००० च्या हंगामापासून आला. दयाळूपणा ठीक आहे. पण त्याचा परिणाम असा कीं एका सामन्यांत दोन गुण वांटले जातात आणि दुसऱ्यांत तीन. एकाच दुकानांत सकाळीं एक माप आणि संध्याकाळीं दुसरें, असा हा व्यवहार झाला. २०१७-१८ च्या हंगामांत न्यू जर्सी व फ्लॉरिडा या दोन्ही संघांनीं ४४-४४ सामने जिंकले. न्यू जर्सी जादा वेळांत नऊ वेळां हरला, फ्लॉरिडा आठ वेळां. त्यामुळें एकाचे गुण ९७ झाले, दुसऱ्याचे ९६. न्यू जर्सीला करंडकाच्या स्पर्धेंतील सोळा संघांत जागा मिळाली. फ्लॉरिडा घरीं बसला. विजय सारखे, परंतु एक पराभव थोडा उशिरानें पत्करला एवढ्यावर निकाल लागला.

दुसरा दोष याहून खोल आहे. सर्व संघ सर्वांशीं सारख्या वेळां खेळत नाहींत. त्या ८२ सामन्यांपैकीं २६ स्वतःच्या विभागांतील सात संघांशीं, २४ शेजारच्या विभागांतील आठ संघांशीं, आणि उरलेले ३२ दूरच्या सोळा संघांशीं, प्रत्येकाशीं दोन, असे होते. म्हणजे ज्याचे शेजारी बलवान त्याचा मार्ग चढणीचा, आणि ज्याचे शेजारी दुबळे त्याचा उताराचा. गुणतक्ता मात्र चढ-उतार पाहत नाहीं. तो नुसतीं पावलें मोजतो.

यावर उपाय म्हणून संख्याशास्त्रज्ञांनीं जी रीत काढली ती हॉकीहून जुनी नसली तरी या लीगमधील बऱ्याच संघांहून जुनी आहे. १९२९ सालीं अर्न्स्ट त्सेर्मेलो या जर्मन गणित्यानें बुद्धिबळाच्या स्पर्धांचे निकाल कसे जोखावे यावर एक निबंध लिहिला. पुढें १९५२ सालीं ब्रॅडली व टेरी या दोघां शास्त्रज्ञांनीं, दोन-दोन वस्तूंची तुलना करून सर्वांचा क्रम कसा लावावा या प्रश्नाचा विचार करतांना तीच रीत स्वतंत्रपणें मांडली. आज ती त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. त्यांच्या वेळचा एक प्रश्न खाद्यपदार्थांच्या चवींचा होता. दहा पदार्थ एकदम चाखून ‘तम’ कोणता हें जिभेला सांगतां येत नाहीं. पण दोनांपैकीं सरस कोणता हें सांगतां येतें. गृहिणींना हें शास्त्रज्ञांनीं सांगावयास नकोच.

रीत अशी. प्रत्येक संघाचें एक ‘वजन’ आहे असें समजावयाचें. एकाचें वजन तीन व दुसऱ्याचें दोन असेल, तर दोघांच्या पांच सामन्यांपैकीं पहिला सरासरीनें तीन जिंकील व दुसरा दोन. आतां दोन संघ घ्या. दोघांनींहि दहांपैकीं सहा सामने जिंकले. गुणतक्त्यांत दोघे बरोबरीचे. पण पहिल्याचे सर्व प्रतिस्पर्धी दोन वजनाचे होते आणि दुसऱ्याचे एक वजनाचे. दोन वजनाच्या प्रतिस्पर्ध्यांशीं दहांत सहा जिंकावयास स्वतःचें वजन तीन असावें लागतें. एक वजनाच्यांशीं तितकेच जिंकावयास दीड पुरतें. म्हणजे तक्त्यांत शेजारीं बसलेल्या या दोघांत एकाचें बळ दुसऱ्याच्या दुप्पट आहे! सर्वांनीं सर्वांशीं सारखेच सामने खेळले तर मात्र या रीतीनें येणारा क्रम नुसत्या विजयांच्या संख्येप्रमाणेंच येतो. ज्या ठिकाणीं वांटणी विषम, तेथेंच या रीतीचें काम.

येथें माझ्यांतला जुना तर्कशास्त्राचा विद्यार्थी जागा झाला. मीं पुतण्याला विचारलें, “पहिल्याचें वजन काढावयास दुसऱ्याचें वजन हवें, आणि दुसऱ्याचें काढावयास पहिल्याचें. याला आमच्या नैयायिकांनीं अन्योन्याश्रय म्हटलें आहे, आणि तो दोष आहे.” तो हंसून म्हणाला, “काका, दोष खरा. पण गणितांत त्यांतून वाट निघते. आरंभीं सर्वांचें वजन एक धरावयाचें. त्यावरून प्रत्येकाचें नवें वजन काढावयाचें. तीं नवीं वजनें घेऊन पुन्हां हिशेब करावयाचा. असें पुष्कळ वेळां केलें म्हणजे आंकडे हळुहळू स्थिर होतात. प्रत्येक संघाचे अपेक्षित विजय आणि प्रत्यक्ष विजय तंतोतंत जुळले कीं थांबावयाचें.” तंबोऱ्याच्या तारा लावतांना एक तार दुसरीकडे पाहून, दुसरी पहिलीकडे पाहून, पुन्हां पुन्हां पिळून अखेर चारी एका सुरांत येतात, तसा हा प्रकार आहे असें मला वाटलें. यजमान संघाला स्वतःच्या गांवीं खेळण्याचा थोडासा लाभ असतो. तोहि याच हिशेबांत घालतां येतो. अमेरिकेंतील महाविद्यालयीन हॉकींत, जेथें संघ बहुतेक आपापल्या गटांतच खेळतात, तेथें केन बटलर या गृहस्थांनीं याच रीतीनें केलेली क्रमवारी प्रसिद्ध आहे. लीगचा अधिकृत तक्ता मात्र साध्या गुणांचाच आहे.

या रीतीचें एक भावंड आपल्याकडील बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांच्या रोज तोंडीं असतें, तें म्हणजे एलो मानांकन. आर्पाद एलो हे हंगेरींत जन्मलेले व अमेरिकेंत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झालेले गृहस्थ. त्यांची पद्धति अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेनें १९६० सालीं आणि जागतिक संघटनेनें १९७० सालीं स्वीकारली. येथें सगळा हंगाम संपण्याची वाट पाहावी लागत नाहीं. प्रत्येक डावानंतर जिंकणाऱ्याच्या खात्यांत हरणाऱ्याच्या खात्यांतून कांहीं गुण जमा होतात. बलवानानें दुबळ्याला हरविलें तर थोडे, दुबळ्यानें बलवानाला हरविलें तर पुष्कळ. जें अपेक्षितच होतें त्याचें बक्षीस लहान, जें अनपेक्षित त्याचें मोठें. आपल्या हिरवळीवरील हॉकीच्या जागतिक संघटनेनेंहि १ जानेवारी २०२० पासून देशांची क्रमवारी अशाच, सामन्यागणिक गुणांची देवघेव करणाऱ्या पद्धतीनें लावावयास आरंभ केला.

आतां त्या मुलाच्या तक्रारीकडे वळूं. २०२१ चा हंगाम साधा नव्हता. महामारीमुळें अमेरिका व कॅनडा यांमधील सरहद्द बंद होती. म्हणून लीगनें त्या वर्षापुरते ३१ संघांचे चार नवे विभाग केले, कॅनडाचे सातहि संघ एका विभागांत घातले, आणि प्रत्येक संघाचे सर्व ५६ सामने स्वतःच्याच विभागांत खेळविले. एका विभागाचा दुसऱ्याशीं एकहि सामना नाहीं. समुद्रांत चार बेटें असावीं आणि त्यांच्यांत नांव चालूं नये, तशी ही स्थिति. कोणत्या बेटावरचा डोंगर उंच, हें त्या त्या बेटावरच्या लोकांनीं कितीहि मापें घेतलीं तरी कसें समजणार? येथें ब्रॅडली-टेरींची रीतहि हात टेकते. वजनांची तुलना करावयास कोठें तरी, कसा तरी, एकमेकांशीं संबंध यावा लागतो. एक तरी पूल हवा. पूल नसेल तर ७७ गुणांचा टोरोंटो आणि दुसऱ्या विभागांतील ८२ गुणांचा व्हेगस यांत थोर कोण, हें सांगणारा माणूस अंदाज सांगतो, हिशेब नव्हे. पुढें पूल झाला तो करंडकाच्या स्पर्धेंत. आपल्या विभागांत चौथा आलेला मॉन्ट्रियल टोरोंटोला सातव्या सामन्यांत हरवून, विनिपेगला सरळ चार सामन्यांत गुंडाळून, त्याच ८२ गुणांच्या व्हेगसला चार विरुद्ध दोन असा हरवून अंतिम फेरींत जाऊन बसला. तेथें मात्र टँपा बे या संघानें त्याला पांच सामन्यांत नमविलें.

“म्हणजे मॉन्ट्रियल व्हेगसपेक्षां खरोखरच चांगला होता का?” मुलानें विचारलें. हा दुसरा प्रश्न पहिल्याहून कठीण. कारण येथें दैव मध्यें येतें. आमच्या शास्त्रांत दोन न्याय सांगितले आहेत. भांड्यांतील एक शीत दाबून सारा भात शिजला कीं नाहीं हें ओळखावें, हा स्थालीपुलाकन्याय. आणि कावळा बसावयास व ताडाचें फळ पडावयास एकच गांठ पडावी, हा काकतालीयन्याय. एका सामन्यावरून संघाची परीक्षा करणारा मनुष्य पहिला न्याय लावतों असें समजतो. पुष्कळदां लागू असतो तो दुसरा. बर्फावरच्या हॉकींत एक संघ सामन्यांत गोलावर सुमारें तीस फटके मारतो आणि त्यांतले तीनच्या आसपास आंत जातात. पक कोणाच्या बुटाला लागून वळला, खांबाला आदळून बाहेर गेला, कीं निकाल फिरला.

हें दैव किती मोठें आहे तें कागदावर मोजतां येतें. समजा, बत्तीसहि संघ अगदीं तुल्यबळ आहेत आणि प्रत्येक सामना नाणें उडवून ठरतो. सांत्वनाचा गुण क्षणभर विसरूं. ८२ सामन्यांत सरासरीनें ४१ विजय यावयाचे. परंतु सरासरीहून साडेचार विजय, म्हणजे नऊ गुण, इकडे किंवा तिकडे होणें ही अगदीं नेहमींची गोष्ट आहे. तीनांतील एक संघ त्याहूनहि दूर पडेल. वरचा संघ सुमारें ५० विजयांवर आणि तळचा सुमारें ३२ वर दिसेल. वर्तमानपत्रें पहिल्याच्या पराक्रमावर अग्रलेख लिहितील आणि शेवटच्याच्या शिक्षकाला घरीं पाठवितील. वस्तुतः सगळे सारखेच! जेथें निव्वळ दैवाची खेळी नऊ गुणांची, तेथें ९७ आणि ९६ यांतील एका गुणानें गुणवत्ता सिद्ध होते असें कोण म्हणेल?

करंडकाच्या स्पर्धेंत तर दैवाला आणखी वाव. तेथें सातांपैकीं चार सामने जिंकणारा पुढें जातो. एखादा संघ इतका सरस आहे कीं प्रतिस्पर्ध्याशीं दहांत सहा सामने जिंकील, असें धरा. तरीहि सात सामन्यांच्या अशा झुंजींत तो शंभरांत सुमारें २९ वेळां हरतो. करंडकासाठीं अशा चार झुंजी लागोपाठ जिंकाव्या लागतात. तेव्हां प्रत्येक वेळीं सरस असूनहि करंडक त्याच्या हातीं चारांतून एकदांच येतो. हें गणित आम्ही कागदावर केलें आणि थोड्याच आठवड्यांत त्याचें उदाहरण डोळ्यांपुढें घडलें. बोस्टनच्या संघानें त्या हंगामांत ६५ विजय व १३५ गुण मिळवून लीगचे आजवरचे दोन्ही विक्रम मोडले होते. पहिल्या फेरींत त्याच्यासमोर ९२ गुणांचा फ्लॉरिडा. बोस्टन तीन विरुद्ध एक असा पुढें होता. मग दोन सामने गेले. ३० एप्रिल २०२३ रोजीं सातव्या सामन्यांत अखेरचें सुमारें एक मिनिट उरलें असतां बोस्टनकडे एका गोलाची आघाडी होती. तेवढ्यांत बरोबरी झाली, आणि जादा वेळांत फ्लॉरिडानें ४-३ असा सामना जिंकला. त्या रात्रीं कोणीहि ‘फ्लॉरिडा बोस्टनहून बलवत्तर’ असें म्हटलें नसतें. पण पुढें फ्लॉरिडा गेला, आणि तें योग्यच झालें.

तें योग्य कां झालें, येथें या लेखाचें मर्म आहे. गणिती लोक आतां विजयांवर थांबत नाहींत. कोणी गोलांचें अंतर मोजतात. पण हरत आलेला संघ शेवटीं आपला गोलरक्षक बाहेर काढून त्याच्या जागीं एक जादा गडी घालतो, मग रिकाम्या जाळ्यांत सहज एखादा गोल होतो आणि अंतर विनाकारण फुगतें. जाणता गणिती तें वजा करतो. कोणी याहि पुढें जाऊन प्रत्येक फटका किती अंतरावरून व कोणत्या कोनांतून मारला यावरून त्याचा गोल होण्याचा संभव किती होता हें काढतात, आणि ‘अपेक्षित गोलांची’ बेरीज करतात. पुढचा सामना कोण जिंकील हें सांगावयास हें फार उपयोगी. परंतु एखादा उत्साही गणिती उद्यां म्हणेल, ‘तुम्ही हरलां खरे, पण अपेक्षित गोल तुमचे अधिक, सबब विजय तुमचा.’ तें मान्य करावें काय?

हा प्रश्न माझ्यापुरता निव्वळ खेळाचा नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं माझा एक विद्यार्थी एका शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसला होता. वडिलांची गिरणी बंद पडलेली. ती शिष्यवृत्ति मिळाली तरच पुढें शिकावयाचें, अशी घरची स्थिति. एका गुणानें ती गेली. जिल्ह्यांतील उत्तरपत्रिका दोन परीक्षकांनीं वांटून घेतल्या होत्या. आमच्या केंद्राच्या सर्वच मुलांचे गुण दुसऱ्या केंद्राच्या मानानें पांच-सहांनीं खालीं आलेले मला दिसले. मीं संबंधित कचेरीला पत्र लिहिलें. त्यांत ‘माझा विद्यार्थी अधिक हुशार आहे’ असें एक अक्षरहि लिहिलें नव्हतें. आमचा परीक्षक कडक होता कीं आमचीं मुलेंच कच्चीं होतीं, हें नुसत्या सरासरीवरून सांगतां येत नाहीं, याची मला जाणीव होती. म्हणून मीं एवढेंच मागितलें, कीं दोन्ही गठ्ठ्यांतून वीस-वीस उत्तरपत्रिका काढून परीक्षकांची अदलाबदल करावी, आणि कोणाचें माप किती जड तें पाहावें. उत्तर आलें, ‘नियमांत तशी तरतूद नाहीं.’ मुलगा छापखान्यांत कामाला लागला. पुढें रात्रशाळेंत शिकून तो स्वतःच्या पायावर उभा राहिला, ही त्याची थोरवी, व्यवस्थेची नव्हे.

टोरोंटोला त्या चार बेटांची व पुलाची गोष्ट ऐकतांना मला त्या वीस उत्तरपत्रिका आठवल्या. मीं मागितला होता तो पूलच होता, फक्त त्याचें शास्त्रीय नांव मला ठाऊक नव्हतें. आणि त्या दिवशीं माझ्या मनांत एक भेद स्पष्ट झाला. मापांतील खोट काढणें एक, आणि मापच बाजूस ठेवून आपल्या अंदाजानें दान देणें दुसरें. कडक परीक्षकाची कडकाई, बलवान शेजाऱ्यांचा चढ, दोन-तीन गुणांची विषम वांटणी, ही मापांतील खोट आहे. ती गणितानें काढावी, आणि न काढणें हा अन्याय. परंतु उत्तरपत्रिकेंत जें लिहिलें नाहीं त्याबद्दल, ‘मुलगा मुळांत हुशार आहे’ म्हणून गुण देणें हा न्याय नव्हे, मग तो हुशार आहे हें अगदीं खरें कां असेना. अपेक्षित गोलांवर विजय देणें हें या दुसऱ्या प्रकारांतलें.

२०२५ सालीं जॉर्जियांतील बातुमी येथें नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. अंतिम फेरींत समोर कोनेरू हंपी होत्या, आणि मानांकनाच्या आंकड्यांत त्यांचें पारडें जड होतें. एलोंच्या हिशेबानें अंदाज हंपींच्या बाजूनें होता. चषक दिव्याचा झाला. यांत मानांकन खोटें ठरलें नाहीं आणि चषकहि खोटा ठरला नाहीं. एकानें बळाचा अंदाज सांगितला, दुसऱ्यानें कर्माचें फळ दिलें. दोघांचीं कामें निराळीं आहेत.

म्हणून न्यायाची क्रमवारी कशी असावी असें कोणी मला विचारील, तर मी तीन गोष्टी सांगेन. पहिली, नियम खेळापूर्वीं सांगावा. मागाहून सुचलेलें उत्तम गणितसुद्धां पक्षपातासारखें दिसतें. दुसरी, ज्यांची तुलना करावयाची त्यांच्यामध्यें पूल असावा, आणि नसेल तर तुलना करूं नये. तिसरी, प्रत्येक क्रमांकाशेजारीं तो किती भरंवशाचा आहे हें लिहावें. दहावा आणि अकरावा यांत दैवाच्या खेळीपेक्षां कमी अंतर असेल, तर ते दोघे बरोबरीचे आहेत असें म्हणण्याचें धैर्य तक्ता करणाऱ्याला हवें. जागा एकच असेल तर ती कोणाला तरी द्यावीच लागेल. पण न मिळालेल्याला ‘तूं कमी’ असें सांगण्याचा अधिकार त्या एका गुणानें कोणास येत नाहीं.

आज घरोघर मुलांचे गुण टक्क्यांच्या दशांशापर्यंत मोजले जातात, आणि अर्ध्या टक्क्यानें मागें राहिलेलें मूल आईबापांच्या नजरेंतहि अर्ध्या टक्क्यानें उतरतें. त्या आईबापांना मी एवढेंच सुचवीन, कीं निकालपत्रावर असतो तो एका दिवसाचा ‘तर’. मुलाचें उत्तम काय, त्याचा ‘तम’ कशांत आहे, हें ठरावयास हंगाम फार मोठा लागतो, आणि त्याचे पुष्कळ सामने अजून व्हावयाचे आहेत.